नाना पेठेतला साज

वारीला जाणाऱ्या मंडळींना पुण्याची नाना पेठ सांगायला नको. तुकोबारायांची पालखी पुण्यात आली की याच पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात विसावते, आणि माउलींची पालखी शेजारच्या भवानी पेठेत पालखी विठोबापाशी. वारीचे ते दोन दिवस सोडले तर उरलेले वर्षभर मात्र या पेठेत गर्दी असते ती दुचाकीवाल्यांची. मोटारसायकलीचा म्हणून जो जो भाग आहे, तो तो इथे दुकानात टांगलेला दिसेल. आरसे, मडगार्ड, हँडल, मुठी, सीटची कव्हरे, रंगीत दिवे, हॉर्न, साखळ्या. दुकाने लहान, रस्ते अरुंद, आणि दुकानापुढच्या हातभर जागेत मिस्त्री उकिडवा बसून गाड्या खोलतो आहे. रबराचा आणि रेक्झिनचा वास पेठेत शिरताच नाकात जातो. जुन्नर, शिरूर, दौंड, पुरंदर अशा तालुक्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरे इथे हमखास भेटतात. गाडी तालुक्याला घ्यायची आणि तिचा साज नाना पेठेत करायचा, अशी रीतच पडली आहे.

गेल्या महिन्यात मलाही त्या पेठेत अख्खा दिवस काढावा लागला. माझ्या बहिणीचा मुलगा ओतूरकडे शेती करतो. टोमॅटोला नारायणगावच्या बाजारात बरा भाव सापडला, तेव्हा त्याने नवी मोटारसायकल घेतली. सव्वाशे सीसीची, टाकी फुगलेली, मागची सीट उंच आणि साखळी उघडी. तरुणांना आवडते तशी. साजासाठी म्हणून पाच हजार रुपये बाजूला ठेवले होते. बहिणीचा मला निरोप आला, "पोराबरोबर तूही जा, नाहीतर तो गाडीचा मोर करून आणील."

आम्ही तिघे निघालो. भाचा आणि सूनबाई नव्या गाडीवर, आणि मी माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर त्यांच्या मागे. विस्तार अधिकाऱ्याची नोकरी म्हणजे तीस वर्षे मोटारसायकलच. खताच्या गोणीपासून माती परीक्षणाच्या पिशव्यांपर्यंत सगळे तिच्यावरून नेले आहे. तरी दुसऱ्याच्या गाडीमागून नव्वदएक किलोमीटर चालताना जे दिसते, ते स्वतःच्या गाडीवर बसून दिसत नाही.

नारायणगाव गेले, मंचर गेले. माझी नजर सारखी सूनबाईच्या पायांकडे जात होती. ती साडी नेसून एका अंगाला, म्हणजे डाव्या बाजूला, बसली होती. मांडीवर पोत्यात गुंडाळलेले काहीतरी धरले होते. गाडीला बायकांसाठीची आडवी पायपट्टी नव्हती. एक पाऊल मागच्या छोट्या खुंटीवर कसेबसे टेकलेले आणि दुसरे अधांतरी. खड्डा आला की ते पाऊल चाकाकडे झुके. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींची साखळी डाव्याच बाजूला असते आणि एका अंगाला बसणारी बाईही डाव्याच बाजूला पाय सोडते. जुन्या धाटणीच्या गाड्यांची साखळी तरी पुरती पेटीत बंद असते. या नव्या गाड्यांची उघडी. वाऱ्याने पदर सुटला की तो साखळी आणि आऱ्या यांच्यापासून वीतभर अंतरावर फडफडतो. मी दोनदा हॉर्न वाजवून त्यांना थांबवले आणि पदर खोचायला लावला.

राजगुरुनगरला भीमेचा पूल ओलांडून पुढे चाकण. आपल्या मंडळींना चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. इतिहास वाचणाऱ्याला फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्तेखानाशी झुंजवलेला भुईकोट किल्ला आठवतो. १९९९ पासून इथेच बजाजचा कारखाना मोटारसायकली बनवतो आहे. रस्त्याने नव्या कोऱ्या गाड्या भरलेले लांबलचक ट्रक सारखे जात होते. भाचा चहा पिताना म्हणाला, "मामा, कारखान्यातून निघते ती गाडी म्हणजे नुसता सांगाडा. खरी गाडी आपण बनवायची."

मी म्हटले, "बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना तू शिंगाचा रंग बघतोस की खूर आणि दात?"

त्यावर तो हसला, पण खिशातली यादी काही त्याने बदलली नाही.

ती यादी मी नाना पेठेत पोचल्यावर वाचली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मागे रुंद टायर. मागचे मडगार्ड कापून आखूड करणे. हँडलच्या टोकाला लावायचे छोटे गोल आरसे. पुढे चार पांढरे एलईडी दिवे. नंबर प्लेटवर आकडे असे वळवून घ्यायचे की वाचताना 'दादा' वाटावे. आणि टाकीवर एक वाघाचे चित्र. पाच हजारांत एवढे सगळे बसणार नव्हते, हे वेगळेच.

सायलेन्सरची त्याची बाजू मात्र ऐकण्यासारखी होती. आमच्या जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांतून बिबट्यांचा वावर किती, हे सर्वांना ठाऊक आहे. माणिकडोहला वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्रच आहे. रात्री मोटारसायकलीमागे बिबट्या धावल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकू येतात. "मोठा आवाज असला की तो जवळ येत नाही, मामा. शौक म्हणून नाही म्हणत मी." पोराने वकिली चांगली केली. पण रात्री फडाकडेने जाताना हॉर्न वाजवता येतो, मोठ्याने बोलता येते, एकट्याने न जाता सोबत घेता येते. त्यासाठी दिवसभर गावाचे कान किटवायला नकोत, गोठ्यातली गाभण गाय बुजवायला नको. शिवाय एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस सहा गाड्यांचा सायलेन्सर म्हणजे नुसती नळी नव्हे. धूर स्वच्छ करणारा भाग त्याच वाटेत असतो. तिथेच प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो आणि इंजिनात पेट्रोल किती सोडायचे, ते त्याच्या मोजणीवर ठरते. बाजारातली नळी लावली की ते गणित बिघडते, गाडी पेट्रोल जास्त पिते आणि मीटरवर पिवळा दिवा लागून राहतो. कायदाही कडक झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचा आणि धुराचा नियम मोडला तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिने बाद. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी भर रस्त्यात रोलर फिरवल्याची छायाचित्रे तुम्हीही पाहिली असतील. म्हणजे पैसे द्यायचे आणि रोलरखाली घालायचे.

दुकानदार भला माणूस होता. गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता म्हणाला, "बसवून देतो म्हणाल तर देतो, पण महिन्याने काढायलाही तुम्ही माझ्याकडेच येणार."

इथे कायद्याची एक गोष्ट सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने ज्या मापाची गाडी नोंदवली आहे त्यात मूळ बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितले. आता साज आणि बदल यांतला फरक खेड्यात कसा ओळखायचा? माझा आडाखा साधा आहे. जे नट-बोल्टाने बसते आणि नट-बोल्टाने निघते, ज्याने गाडीचा दिवा, नंबर, ब्रेक झाकला जात नाही, तो बहुधा साज. जिथे करवत, वेल्डिंग किंवा वायर कापणे आले, तिथे हात आखडता घ्यावा. मडगार्ड कापणे यातच आले. कापलेल्या मडगार्डातून पावसाळ्यात चिखल सरळ मागच्या माणसाच्या पाठीवर उडतो. आमच्याकडे मागचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई.

रुंद टायरचेही तसेच. रिम तीच ठेवून वर रुंद टायर चढवला की तो कडेने चिमटतो, जमिनीला नीट टेकत नाही, वळणावर गाडी जड होते आणि ॲव्हरेज कमी होतो. टायरवर खर्च करायचाच तर हवा मोजायला करा, असे मी म्हणेन. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात आणि बहुतेक गाड्यांच्या साखळीच्या पेटीवरच्या चिठ्ठीवर छापलेले असते. ती चिठ्ठी आपण वाचत नाही आणि वाघाचे चित्र चिकटवतो.

गोल आरशांत स्वतःचे कोपर तेवढे दिसते. आणि नंबर प्लेटचा विषय तर संपलेलाच आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना कारखान्याकडूनच पक्क्या रिव्हेटची सुरक्षा प्लेट येते. जुन्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक केली आहे. 'दादा' आता टोपीवर लिहावे.

इतका वेळ सूनबाई गप्प होती. मग तिने मांडीवरून आणलेले पोते सोडले. आत साडी गार्ड होती! शोरूमवाल्याने गाडीबरोबर दिलेली, पण गाडीचा रुबाब जातो म्हणून भाच्याने माळ्यावर टाकलेली. "ही विकत घ्यायची नाही, मामा. नुसती बसवून घ्यायची आहे," ती म्हणाली. तिच्यापाशीही यादी होती, शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेली. भाचा जरा ओशाळला. मलाही नव्वद किलोमीटर जिच्यावर नजर ठेवून आलो, ती वस्तू तिच्याच मांडीवर होती हे पाहून काय बोलावे ते सुचेना.

वाचकहो, साडी गार्ड ही शोभेची किंवा हौसेची वस्तू नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो, की मोटारसायकलीला मागच्या माणसासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि त्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक निम्म्यापेक्षा कमी नाही इतके झाकलेले हवे. म्हणून शोरूममध्ये ती मिळते. न मिळाल्यास मागून घ्यावी. बसवताना जाळीची भोके बारीक आहेत ना, ती चाकाला घासत नाही ना, आणि तिच्यातून साखळीला तेल घालता येईल एवढी वाट राहते ना, एवढे पाहावे. नुसत्या दोन सळया वाकवून केलेली गार्ड मी पाहिली आहे. तिच्यातून पदर काय, ओढणीचा गोंडाही सहज आत जाईल.

तिच्या यादीत दुसरे होते ते पायपट्टीचे. ही साडी गार्डच्या खालच्या बाजूला आडवी बसते. आमची बहीण साठीची, गुडघेदुखीची. तिला महिन्यातून एकदा नारायणगावला डॉक्टरांकडे न्यावे लागते. उंच सीटवर चढायला आणि दोन्ही पावले टेकवायला तिला ही पट्टी म्हणजे पायरीच. दुकानात दोन प्रकार होते. एक चकचकीत गुळगुळीत, दुसरी जाड, वर खरबरीत रबर असलेली. सूनबाईने चप्पल घासून पाहिली आणि रबराची घेतली. चिखलाच्या चपलेला गुळगुळीत पत्रा काय कामाचा?

तिसरे, पोराचा पट्टा. तीन वर्षांच्या मुलाला रोज सकाळी अंगणवाडीत सोडायला भाचाच जातो. १५ फेब्रुवारी २०२२ ला सरकारने नियम काढला आणि वर्षभराने तो लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला गाडीवर नेताना चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, मुलाच्या डोक्याला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या वर नको. हा नियम आपल्याकडे फारसा कोणाला माहीतही नाही. मूल डुलकी घेते तेव्हा त्याची पकड सुटते, हे मात्र प्रत्येक आईला माहीत असते. पट्टा घेताना खांद्याच्या दोऱ्या लांबी कमीजास्त करता येतील अशा घ्याव्यात, म्हणजे पोर वाढले तरी चालतो. हेल्मेट मोठ्याचे असो की लहानाचे, आयएसआय चिन्हाशिवाय घेऊ नये. १ जून २०२१ पासून त्याशिवाय विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ढीग दिसतातच.

लेगगार्ड भाच्याच्या यादीत नव्हती, तिच्याही नव्हती. ती मी घ्यायला लावली. कमी वेगात गाडी आडवी झाली तर पाय इंजिनाखाली सापडत नाही, एवढे तिचे काम. सांगाड्याला दोन ठिकाणी घट्ट बसणारी, नळी जाड आणि रुंदी हँडलच्या आत राहील अशी घ्यावी. फार रुंद घेतली तर बांधावरच्या वाटेने जाताना बाभळीत अडकते.

मग निघाला दुधाचा विषय. सकाळी डेअरीला दूध हीच गाडी नेणार. दुकानात कॅन अडकवायचे मोठमोठे आकडे लटकत होते. भाच्याला दोन्ही बाजूंना चाळीस चाळीस लिटरचे कॅन हवे होते. मी म्हटले, "वजन मांड." दूध पाण्यापेक्षा किंचित जड. दोन कॅनचे दूधच ८२ किलोच्या घरात, वर कॅनचे आणि लोखंडाचे वजन, त्यावर हा ६५ किलोचा गडी. दीडशेच्या वर गेले. अशा गाड्यांची भार सोसण्याची मर्यादा साधारण १३० किलोच्या आगेमागे असते. तीही आपापल्या पुस्तकात पाहावी. भार मागे गेला की पुढचे चाक हलके होते, हँडल लटलट करते आणि पुढचा ब्रेक लागायचा तसा लागत नाही. हेडलाइटचे तोंड वर होऊन समोरच्याच्या डोळ्यांत जाते ते निराळेच. बैलगाडी उलाळ झाली म्हणजे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. शेवटी वीस वीस लिटरचे दोन कॅन, तेही चाकाच्या आसाच्या जमेल तितके जवळ टांगायचे, असे ठरले. आकडे काढघाल करता येतील असे घेतले, कारण तेच लोखंड साडी गार्डच्या जागेवर आले तर बाईला पाय सोडायला जागा उरत नाही. दूध सकाळी, माणसे दिवसा.

चार एलईडींपैकी एकही घेतला नाही असे नाही. धुक्यातून आणि मोकाट वायरींच्या बाबतीत थोडे मतभेद झाले. मिस्त्रीच म्हणाला, की मूळ वायर सोलून चार दिवे जोडले की बॅटरी दमते आणि शॉर्ट सर्किट होते. एक छोटा पिवळा दिवा, फ्यूज आणि रिले लावून, तोंड खाली करून बसवला. त्यापेक्षा कितीतरी स्वस्त म्हणजे रेडियमची पट्टी. मागे लाल, पुढे पांढरी. गाडीच्या मागे, कॅनवर, हेल्मेटच्या पाठीवरसुद्धा. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर उभ्या असतात. त्यांना रेडियम नसते आणि आपल्यालाही नसते. उरलेली पट्टी भाच्याने ट्रॉलीसाठी म्हणून खिशात घातली, हे मला फार आवडले.

शेतकऱ्याने जरूर घ्यावी अशी आणखी एक वस्तू सांगायची राहिली, साइड स्टँडची पाटी. तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, स्टँडच्या टोकाला दोन बोल्टने बसतो. पाणी दिलेल्या वावराच्या कडेला गाडी उभी केली की बारीक टोकाचा स्टँड मातीत रुततो आणि भरल्या कॅनसह गाडी लवंडते. ही पाटी असली की लवंडत नाही. काळ्या रानातल्या लोकांनी मडगार्ड आणि टायर यांत बोटभर तरी फट राहील असे पाहावे, नाहीतर माती भरून चाकच अडते. लांब रबरी झडपही तिथे नडते.

खेड्यातला माणूस गाडीशी काय काय करू शकतो, याला सीमा नाही हेही खरे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणी यांनी एन्फिल्ड बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि अवजारांचा दांडा बसवला आणि तिच्यावर कोळपणी, पेरणी केली. 'बुलेट सांती' म्हणून ती प्रसिद्ध आहे. मी ती गोष्ट भाच्याला सांगितली, तेव्हा त्याचे डोळे चमकले. पण ते यंत्र शेतातले. त्याच्यामागे कोणी आईला बसवून डॉक्टरकडे नेत नाही.

हिशेब झाला तेव्हा पाच हजारांतून थोडे पैसे उरले. त्यातून भाच्याने वाघाचे चित्र घेतले. मी अडवले नाही. पोळ्याला आपणही बैलाच्या पाठीवर झूल घालतो.

परतताना सूनबाई ऐसपैस बसली होती, दोन्ही पावले पट्टीवर, एक हात मुठीवर. मंचरला थांबलो तेव्हा मिस्त्रीचे सांगणे मी आठवून दिले, की नवे बसवलेले प्रत्येक नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. साडी गार्डचा मागचा नट खरेच अर्धा आटा सैल झाला होता. भाचा पाना शोधायला दुकानाकडे निघाला. "थांबा," सूनबाई म्हणाली आणि पिशवीतून दहा-अकराचा पाना काढून तिने स्वतःच तो नट आवळला.